लिंबोणीला एक फेरी

ग्वेंडा प्राउसला कधी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चर्चमध्ये प्रवचन रंगात आलं की ही बाई उठून खिडक्या लावायची. नवरा डेस मधमाश्या पाळायचा आणि अख्खी सकाळ एका पेटीपुढे काढायचा. तिच्या मते तो निव्वळ वेळकाढूपणा. गेल्या हिवाळ्यात डेस गेला, तेव्हापासून तर तिच्या पायाला भिंगरीच लागली.

आज त्याच्या शेवटच्या मेणाच्या मेणबत्त्या करायच्या होत्या. दोन वाजता मुलगी रोवीना गाडी घेऊन येणार होती आणि ऑर्ला, फर्गस ही नातवंडं टास्मानिया बेट सोडून कायमची मेलबर्नला जाणार होती. त्याआधी दोघांच्या हातात आजोबांच्या मेणाची एकेक जोडी पडलीच पाहिजे, असं तिने मनाशी धरलं होतं. एक वाजत आला होता.

गरम पाण्याच्या पातेल्यात मेणाचा उंच डबा होता. लांब काठीवर दोन वाती मधोमध टाकलेल्या, टोकांना वजनासाठी लोखंडी नट बांधलेले. मेणात बुडवायचं, लगेच वर काढायचं, मग थर निवेपर्यंत थांबायचं. थांबण्यापाशीच घोडं अडत होतं.

"बुडव की रे! बघत काय बसलास?"

"आजी, अजून ओलं आहे," सहा वर्षांचा फर्गस म्हणाला.

"ओलं-बिलं काही नाही. आण इकडे."

तिने आच वाढवली आणि दोन्ही जोड्या स्वतःच बुडवून धरल्या. वर काढल्या, तर आधीचे चार थरही डब्यात उतरलेले. हातात नुसत्या वाती.

फर्गस रडकुंडीला आला. रडू ग्वेंडालाही आलं होतं, पण ती तावातावाने ओटा पुसू लागली.

नऊ वर्षांच्या ऑर्लाने गुपचूप आच कमी केली. "आजोबा एकदा बुडवायचे, की काठी घेऊन परसातल्या लिंबोणीला एक फेरी."

"तुझ्या आजोबाला भटकायला निमित्तच लागायचं."

"मग तू का जायचीस त्यांच्याबरोबर?"

"एवढ्या लांब काठीचं दुसरं टोक कोण धरणार?"

"काठी आखूड पण चालते, आजी. मी विचारलं होतं त्यांना." ऑर्ला जरा घुटमळली. "ते म्हणाले, मेण मिनिटात निवतं. फेरी तुझ्या आजीसाठी आहे. वर्षातून एवढा एकच दिवस ती माझ्यासोबत चालते. तुला सांगू नको म्हणाले होते."

ग्वेंडा हातात फडकं घेऊन तशीच उभी राहिली. एकेचाळीस वर्षं ती ते टोक धरून त्याच्या नावाने खडे फोडत आली होती.

मग तिने काठीचं एक टोक धरलं, ऑर्लाने दुसरं. फर्गस पुढे. एकदा बुडवायचं, एक फेरी. पुन्हा बुडवायचं, पुन्हा फेरी. दर फेरीला तिचा जीव घड्याळाकडे ओढत होता, पाय मात्र तिने हळूच टाकले.

मेणबत्त्या जेमतेम पेन्सिलीएवढ्या झाल्या आणि फाटकापाशी हॉर्न वाजला.

"आई, आटप! बोट सुटेल!" रोवीना ओरडली.

"आजी, जायचं?" ऑर्लाने विचारलं.

ग्वेंडाने मेणाला बोट लावून पाहिलं. ते केव्हाच निवलं होतं.

"अजून ओलं आहे," ती म्हणाली आणि लिंबोणीकडे वळली.