ताईचं रक्त आणि माझा अंगठा

मंडळी, मी मेहकरला शाळेत गणित शिकवतो. आमचं घर बौद्ध. अंगारा, उतारा, बाहेरची बाधा यांना आमच्या उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. कुणी भुताची गोष्ट सुरू केली की पुरावा मागून तिचा पार विचका करणारा माणूस तो मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... त्यातून माझ्या अनुभवात भूतही नाही. माझ्या डाव्या पायाचा अंगठा आहे.

मला गाउट आहे. युरिक अ‍ॅसिड वाढलं की अंगठा टमाट्यासारखा सुजतो, आणि घरात एकच प्रश्न येतो — वरण-बट्टी किती हादडली?

गेल्या हिवाळ्यात माझी थोरली बहीण, धाड गावची ताई, न्यूमोनियाने बुलढाण्याच्या एका दवाखान्यात आयसीयूत होती. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला, शुद्ध नाही. मला एक मिनिट आत सोडलं. दोन्ही हात सुया-नळ्यांनी भरलेले, धरायला जागाच नव्हती. म्हणून मी पांघरुणाखालून तिच्या पायाचा अंगठा धरला. गारठलेला होता. बाहेर येऊन बाकड्यावर बसतो न बसतो, तोच माझ्या अंगठ्यात निखारा ठेवल्यासारखी आग सुरू झाली.

बायको म्हणाली, "ताई तिकडं मशीनवर, अन् तुमाले दुखासाठी आताच मुहूर्त भेटला?"

तेवढ्यात डॉक्टर आले. "युरिक अ‍ॅसिड चढतंय त्यांचं."

"तिलाही गाउट?"

"नाही हो सर. किडन्या थकल्या, पेशींना ऑक्सिजन पुरेना, की हा आकडा वाढतो. एकट्या त्यावरून काही ठरत नाही. पण अशा आजारात तो चढतच गेला तर... आम्हाला काळजी वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचं रक्त तपासायला नेलं. रिपोर्ट यायच्या आधीच माझी कळ घोट्यापर्यंत पोचली होती. भाऊजींजवळ बोलून गेलो, "आज जास्त असेल." आकडा खरंच वाढला होता. तिसऱ्या दिवशी चप्पल पायात जाईना. आकडा आणखी वर. योगायोग आहे, मी स्वतःला बजावत होतो. पण भाऊजी आता डॉक्टरांना सोडून मलाच विचारायला लागले, "अंगठा काय म्हणून राह्यला?"

चौथ्या दिवशी दुपारी मी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो, एक पाय चपलेत, एक उघडा. आणि कळ थांबली. कमी झाली नाही हं — थांबली. बटण बंद करावं तशी.

चहाचा ग्लास तसाच ठेवून उठलो. तिचा आकडा उतरला... की मोजायला आता काही उरलंच नाही?

रस्ता ओलांडताना वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीत भाऊजी उभे, नजर माझ्या पायावर. मग मी काय करावं? लंगडायला लागलो. पन्नाशीचा मास्तर, भर रस्त्यात, खोटं खोटं लंगडत!

"काऊन सोंग करून राह्यला बे?" भाऊजी वरून ओरडले. आवाज फुटला होता. "थांबलं का? सांग नं, थांबलं का?"

तो एक जिना चढायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा दुखऱ्या पायाने कधी लागला नव्हता. वर पोचलो तर नर्स दारातच होती. "लघवी चांगली होऊन राह्यली आता. रिपोर्ट बी उतरला. डोळे उघडले त्यायनं."

भाऊजी तिथंच फरशीवर बसले, माझा पाय धरून.

तिसऱ्या दिवशी बायकोच्या आग्रहाने मीही तपासायला रक्त दिलं होतं. माझं युरिक अ‍ॅसिड नॉर्मल! डॉक्टर म्हणाले, ऐन दुखण्यात कधी कधी तसंच येतं. बरं, मानलं. पण माझं दुखणं तीनदा तिच्या आकड्याबरोबर चढलं आणि त्याच्याबरोबरच उतरलं, त्याचं काय? त्यांनी चष्मा पुसला. "सर, गणित तुमचा विषय."

अजूनही अंगठ्यात बारीक कळ आली, की मी गोळी शोधायच्या आधी धाडला फोन लावतो. ती उचलेपर्यंत रिंगा मोजत राहतो.

"जित्ती हाये रे मी," ताई पलीकडून खेकसते. "तू वरण कमी खात जाय."