बाराशे रुपयांचं ऐकणं

भिवापूरच्या स्टँडवर बाबांनी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली होती. आई आली नव्हती. ती सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, देठं खुडायच्या कामाला गेली होती आणि खाडा केला असता तर त्या दिवसाची मजुरी गेली असती. गाडी सुटताना बाबा म्हणाले, "पोचली का फोन कर." एवढंच.

नागपुरात महाल भागातल्या एका गल्लीत खोली मिळाली आणि बुटीबोरीच्या कापड कारखान्यात सूत तपासायची नोकरी. सकाळी कंपनीची बस, दिवसभर लॅब, संध्याकाळी कुकरमध्ये वाटीभर तांदूळ. गाव सोडून आलेल्यांना हे निराळं सांगायला नको. रविवारी दुपारपर्यंत आपण कोणाशी एक शब्दही बोललो नाही, हे दूधवाल्याला पैसे देताना लक्षात यायचं, कारण घसा साफ करावा लागायचा.

तिसऱ्या वर्षी बाबा गेले. फोन लॅबमध्ये आला. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आई रडत नव्हती. मला पाहून तिनं विचारलं, "जेवली का?" तेराव्यानंतर मी परत आले आणि आम्ही दोघी रोज फोनवर बोलत राहिलो, भाजीबद्दल, पाण्याबद्दल, शेजारणीच्या गुडघ्याबद्दल. बाबांबद्दल कधीच नाही.

वर्षभरानं कंपनीच्या बसमध्ये माझी छाती धडधडायला लागली. हात गार पडायचे, आता मरतेच असं वाटायचं. डॉक्टरांनी ईसीजी काढला. तो नॉर्मल आला. त्यांनी समुपदेशन करणाऱ्या एका मॅडमचा पत्ता लिहून दिला. धरमपेठेत, चष्म्याच्या दुकानावर दुसरा मजला. पन्नास मिनिटांचे बाराशे रुपये. आई आठवडाभर देठं खुडते तेव्हा एवढे जमतात, हे त्या जिन्यावर प्रत्येक वेळी मनात यायचं. तिला मी कॉम्प्युटरचा क्लास लावलाय असं सांगितलं. पंधरा दिवसांतून एकदा जाऊ लागले. पहिल्या दोन वेळा नुसती रडले. मग बोलू लागले. बहुतेक आईबद्दलच.

मागच्या थंडीत मला ताप आला आणि आवाज पार बसला. आई गावाहून आली. त्याच आठवड्यात मॅडमकडे माझी वेळ होती. पैसे आधीच भरलेले, आयत्या दिवशी रद्द केलं तर परत मिळत नाहीत. क्लासचे बाराशे रुपये बुडतील, असं मी आईला कुजबुजत म्हटलं.

"कोणता क्लास हाये असा?" आईनं विचारलं.

तापात खोटं सुचलं नाही. मी कुजबुजत सगळं सांगितलं. ती पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती.

"म्हंजे तू तिथं जाऊन बोलते, अन् ते बाई आयकते? बाराशे रुपये?" मग म्हणाली, "मले सांगतलं असतं त मी आयकलं नसतं का?"

तिनं माझ्या अंगावरची चादर नीट केली.

"पैसे भरले नं? मंग मीच जाऊन येतो."

मला वाटलं, चिडून बोलतेय. पण ती लुगडं बदलून तयार झाली. मी मॅडमना मेसेज करून विचारलं. त्यांचं उत्तर आलं, "येऊ द्या. पण त्या काय बोलल्या हे मी तुम्हाला सांगणार नाही, आणि तुमचं त्यांना." मी ऑटो बोलावून दिला.

आई परत आली तेव्हा तिनं तिथेच तोंड धुतलेलं असावं, केसांच्या कडा ओल्या होत्या. "चांगली हाये बाई," म्हणाली आणि माझ्यासाठी मऊ भात टाकायला उठली.

महिन्याभरानं तिचा फोन आला. "माह्यासाठी एक टाइम घेऊन ठेव." मी म्हटलं, पैसे मी भरते. त्यावर ती म्हणाली, "तुह्या पैशानं तुहेच गाऱ्हाणे कसे सांगू मी?"

आता ती दोन-तीन महिन्यांतून एकदा येते. चिल्लर, नोटा, सगळं रुमालात बांधून आणते. ती आत असते तेव्हा मी बाहेर बाकावर बसते. दाराआडून शब्द कळत नाहीत, फक्त तिचा आवाज कळतो. एवढा वेळ सलग बोलताना मी तिला कधी ऐकलेलं नाही. माझी छाती आता क्वचितच धडधडते. पण त्या बाकावर मला जितकं एकटं वाटतं, तितकं महालातल्या खोलीतही वाटत नाही.

गेल्या खेपेला ऑटोत बसल्यावर ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "आज तुह्या बाबाचं बोललो मी."

"मीपण बोलते," मी म्हटलं.

घर कुठलं असं कोणी विचारलं, तर मी अजून भिवापूरच सांगते. पण बाबा घरातल्या बोलण्यात जिथं असायला हवे होते, ती जागा आता धरमपेठेतल्या एका खोलीत आहे. तिथं आम्ही दोघी जातो, एकेक करून.