मनकर्णाबाईंची काळी चार

शहराला लागून असलेल्या वाडी नावाच्या गावात, गोदामांच्या मागच्या गल्लीत मनकर्णाबाईंची खानावळ आहे. बाहेर पाटी नाही. ट्रकचे ड्रायव्हर आणि हमाल वासावर येतात, वरण-भात, पोळ्या, वांग्याची भाजी खातात आणि जाताना "बाई, मस्त!" एवढं म्हणतात. नरखेडकडच्या एका खेड्यातून बाई लग्न होऊन इथे आल्या. नवरा गोदामात मुकादम होता. तो गेल्यावर त्यांनी घरातली चूल सगळ्या गल्लीसाठी पेटवली आणि मुलाला वाढवलं, त्याचं लग्न केलं. आता साठी आली. अर्धं काम सून सोनिका बघते.

बाईंचा खरा जीव मात्र गुरुवारच्या भजनात. जवळच्या लेआऊटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीतल्या, गजानन महाराजांच्या देवळात संध्याकाळी बायकांचं मंडळ बसतं. बाईंचा आवाज मोठा, मोकळा, शेतात हाक मारून तयार झालेला. पण देवळात बसलं की तो आवाज निघायचाच नाही. कारण पेटीवर नत्थूभाऊ.

नत्थूभाऊ माणूस वाईट नव्हता. आजूबाजूच्या चार मंडळांना पेटीवाला एकच, त्यामुळे तो उशिरा यायचा, घाम पुसत बसायचा आणि काळी एक धरायचा, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा मानून वाजवायचा. तो पुरुषांचा सूर. बायकांनी त्यात वरून म्हटलं तर किंकाळी व्हायची, खालून म्हटलं तर कुजबुज. पट्टी सरकवून सूर बदलता येतो तशी पेटी देवळाकडे नव्हती. साधी, जुनी होती.

एकदा बाईंनी विचारलंच, "नत्थूभाऊ, काळी चारात घेत जा ना गा. आमचे गळे फाटून राहिले."

"वैनी, मले काळी एकातच जमते," नत्थूभाऊ हसत म्हणाला. "पेटी देवळाची हाय, पण बोटं तं माहीच हायेत ना?"

बायकाही हसल्या. बाई हसल्या नाहीत. ते बोलणं त्यांच्या डोक्यातून जाईना. बोटं तर आपल्यालाही आहेत.

पुढच्या आठवड्यात त्या चष्म्याचा नंबर काढायला रविनगरला गेल्या. तिथे एका फाटकावर 'हार्मोनियम शिकवले जाईल' असं लिहिलेलं दिसलं. चष्मा राहिला बाजूला, बाईंनी फाटकाची कडी वाजवली.

प्रमोदिनी मॅडम शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्याकडे परीक्षेला बसणारी मुलं यायची. दारातल्या बाईंना बघून त्यांना वाटलं, नातवासाठी विचारायला आल्या असतील.

"कितवीत आहे?" त्यांनी विचारलं.

"मीच शिकणार हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "परीक्षा नाई पायजे. भजन पायजे."

दर मंगळवारी दुपारी बाई बसने रविनगरला जाऊ लागल्या. तेवढा वेळ खानावळ सोनिकाकडे. पहिले काही धडे फार जड गेले. वर्षानुवर्षं तव्यावरच्या पोळ्या हातांनी उलटून बोटांची टोकं निबर झाली होती. पट्टी दाबली की नाही हे वाजल्याशिवाय कळायचं नाही, आणि वाजायच्या त्या दोन-दोन एकदम. भाता तर त्या असा ओढायच्या की पेटी पुढे सरकायची.

"हळू, मनकर्णाताई. तिला श्वास घेऊ द्या."

"चुलीची सवय हाय, मॅडम. फुंकलं नाई तं पेटत नाई."

मॅडमना हसू आलं. त्यानंतर त्या मंगळवारची वाट बघू लागल्या.

बाकी दिवशी बाई दुपारच्या पंगती उठल्या की देवळात जाऊन तिथल्या पेटीवर सराव करायच्या. पुजारी पडवीत आडवा झालेला असायचा. तो आधी कानावर उपरणं घ्यायचा. मग हळूहळू त्याला त्या सा-रे-ग-मवरच झोप लागू लागली.

मॅडमनी सुरुवात पांढरी एकपासून केली होती, कारण सगळे तिथूनच शिकतात. बाईंनी निमूटपणे बोटं बसवली. महिना झाल्यावर मात्र त्यांनी भाता लावून टाकला.

"मॅडम, इथून आमचं भजन निघत नाई. मले काळी चार द्या."

"ते अवघड आहे. काळ्या-पांढऱ्यांची सरमिसळ होते. आधी हात बसू दे."

"हात एकदा इथं बसला की तिथून उठन का? नत्थूभाऊचा नाई उठला."

मॅडमनी पेटी स्वतःकडे ओढली. त्यांनी काळी चारवर सा धरून दाखवला. बाईंनी तो गळ्यातून लावला आणि खोली भरून गेली. फाटकाशी सायकल लावत असलेली पुढच्या तासाची मुलगी तिथेच थांबून ऐकत राहिली.

वर्ष उलटून गेलं. एका गुरुवारी नत्थूभाऊ लग्नाला गेला होता. बायकांनी बाईंना पेटीपुढे ढकललं. गजर सुरू झाला, दुसऱ्याच ओळीला बोट घसरलं. बाई थांबल्या, मागे गेल्या, नीट वाजवलं. तोवर बायका पुढे निघून गेलेल्या. पुन्हा गाठायला गेल्या, पुन्हा चुकल्या, पुन्हा थांबल्या. ढोलकीचा घोळ झाला आणि मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी भाता बंद केला.

"झांज दे वं इकडे," त्या म्हणाल्या आणि उरलेलं भजन पेटीशिवाय पार पाडलं.

मंगळवारी त्या निघाल्याच नाहीत. कांदे चिरत बसल्या. सोनिकाने हातातून विळी काढून घेतली.

"आई, आज सगळं मी करून राहिले. तुम्ही इथं बसून मले भाजीत मीठ सांगणार असाल तं जमणार नाई. बस येऊन राहिली, जा."

रविनगरला पोचल्यावर बाईंनी झाला प्रकार सांगितला.

"चुकल्यावर काय केलंत?" मॅडमनी विचारलं.

"थांबली, अन् दुरुस्त केलं. तुम्ही शिकवलं तसं."

मॅडमच्या लक्षात आलं. मुलांना त्यांनी हेच शिकवलं होतं. चुकलं की थांबा, मागे जा, पुन्हा वाजवा. परीक्षेच्या खोलीत मूल एकटं असतं, तिथे ते चालतं. गाणाऱ्या बायकांच्या मधोमध बसून वाजवणं वेगळं, आणि ते त्यांनी कधी शिकवलंच नव्हतं.

"या गुरुवारी मी येते," त्या म्हणाल्या.

त्या खरंच आल्या, नत्थूभाऊ अजून यायचा होता. सतरंजीवर बाईंच्या शेजारी बसल्या आणि पेटीला हातही लावला नाही. बोट घसरलं की कानाशी पुटपुटायच्या, "थांबू नका. चुकलेलं सोडून द्या. बायका जिथे आहेत तिथे जाऊन त्यांना भेटा." बाई पूर्ण गोंधळल्या की म्हणायच्या, "नुसता सा धरून ठेवा." बाई सा धरायच्या, गाणं त्याभोवती फिरायचं, मग ओळखीचं वळण आलं की बोटं पुन्हा चालू लागायची. नत्थूभाऊ येईपर्यंत पेटी बाईंकडे, असे बरेच गुरुवार गेले. मॅडम आधी ऐकायच्या, पुढे टाळ घेऊ लागल्या, आणि एके दिवशी बायकांच्या बरोबरीने गायलाच लागल्या.

महाराजांच्या प्रगट दिनाला देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. नत्थूभाऊ त्या दिवशी वेळेवर आला आणि सवयीने पेटीपुढे जाऊन बसला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी मंडळातली सगळ्यात म्हातारी सिंधूताई म्हणाली, "नत्थूभाऊ, आज काळी चार हाय गा. जमन का?"

त्याने वाजवून पाहिलं. एकदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला, मग स्वतःच हसला आणि बाजूला सरकला. "या वैनी. मी झांज धरतो."

मनकर्णाबाईंनी भाता उघडला. सूर लागला आणि इतकी वर्षं दबून म्हणणाऱ्या बायकांचे आवाज एकदम सुटले. पटांगणात महाप्रसादाच्या पानांवर वाढणारे लोक हातात वरणाची बादली घेऊन वळून बघू लागले. मध्ये दोनदा बाई चुकल्या. कोणाला कळलं नाही. कळलं फक्त मॅडमना, आणि त्या डोळे मिटून गातच राहिल्या.

आता बाई आणि नत्थूभाऊ पेटीवर आलटून पालटून बसतात. नत्थूभाऊ काळी चार शिकतोय, पण कोणाकडे ते सांगत नाही. त्याने वाजवलं की बाईंना नुसतं गायला मिळतं आणि त्याचंही त्यांना सुखच आहे. मॅडम हल्ली परीक्षेच्या मुलांनाही एकमेकांच्या गाण्याला साथ करायला लावतात. पालक विचारतात, हे अभ्यासक्रमात आहे का? मॅडम म्हणतात, नाही.

गेल्या महिन्यात बाईंच्या भावाने मंडळाला माहेरी बोलावलं. मॅडमसकट सगळ्या एसटीने गेल्या, विहिरीजवळच्या पारावर भजन झालं. परतताना भावाने पिशव्या भरभरून संत्री दिली. बसमध्ये ढोलकी वर ठेवली, पेटी बाईंच्या मांडीवर. काटोल मागे पडलं तशी कोणीतरी एक ओळ उचलली. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता मान हलवू लागला. बाईंनी संत्रं सोलून अर्धं मॅडमच्या हातावर ठेवलं आणि पुढची ओळ घेतली.