भुरीचं तोंड बुजू नये म्हणून

प्रायमर या पदार्थाचा आमच्या आत्याच्या यजमानांइतका खोल विचार अख्ख्या पुणे जिल्ह्यात कुणी केलेला नाही. केलाच असेल, तर त्याची बायको आमच्या आत्याइतकी सोशिक नसणार, त्यामुळे त्याची कीर्ती तिथंच संपली असणार. आम्ही त्यांना मामा म्हणतो. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ते पिंपं भरायच्या कामाला होते. शिफ्ट सुटली की इतर लोक घरी जात, कुणी दुसरीकडं जात. मामा दौंडला गाड्यांच्या रंगाच्या दुकानात जात आणि स्प्रेचे डबे कानाशी हलवून आतली गोळी कशी वाजते ते ऐकत उभे राहत. "लोकांचे नवरे दारू धरत्यात," आत्या म्हणायची, "आमच्यांनी प्रायमर धरला. दारू परवडली, तिला घरात वास तरी एकच येतो."

प्रायमर म्हणजे रंगाच्या आधी द्यायचा पहिला हात. तो नसला तर माती रंग पिऊन टाकते आणि वर डाग धरते. मामांना तो लागे मातीच्या मेंढरांसाठी. भीमेच्या काठची माती, तारेचे पाय, बोटाएवढं अंग, आणि बाभळीच्या काट्यानं कोरलेलं तोंड. एका तोंडाला त्यांचे चार-चार दिवस जात. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या घरात धान्याच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त, त्यामुळे माणसानं रिकाम्या वेळात संघटना बांधावी, मेंढरं करू नयेत, असं माझं स्पष्ट मत होतं आणि ते मी मामांना दर सुट्टीत ऐकवत असे. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "पोरी, तुझं समदं खरं हाय. जरा ह्यो डबा हलव."

ही मेंढरं कुठलीही नव्हती. ती मामांच्या वडिलांची, वडगाव रासाईच्या आबांची, नव्वदेक मेंढरं होती. खरीखुरी, नावानिशी. मामा कंपनीत लागले, खांडामागं, म्हणजे कळपामागं, हिंडायला कुणी उरलं नाही आणि आबांनी ते विकलं. विकून घरी आले तेव्हा एवढंच बोलले, "आता मेंढराचा इषय माझ्याम्होरं काढायचा न्हाई." त्याला सहा वर्षं झाली होती. बापलेक भेटत, पावसावर बोलत, एसटीच्या वेळेवर बोलत, आणि गप्प बसत. मामांना बोलायचं होतं, पण शब्द काढायला बंदी. मग त्यांनी मेंढरंच करायला घेतली.

पहिली पाच झाली तेव्हा मामांनी दुकानातला सगळ्यात स्वस्त लाल ऑक्साईडचा डबा आणला, तो लोखंडी फाटकांना मारतात तसला. मेंढरं थर्मोकोलच्या तुकड्यावर मांडून त्यांनी डबा दाबला. फवाऱ्यानं थर्मोकोल खाल्लं आणि पाचही मेंढरं पोटापर्यंत आत रुतली. मामा उलट खूष झाले. "आषाढात नदीच्या कडंला अशीच रुतायची!" म्हणाले. तशीच उपटून, रंगवून ती आबांपुढं ठेवली. आबांनी एक उचललं, उजेडाकडं फिरवलं आणि परत ठेवलं. लाल प्रायमरचा थर इतका जाड बसला होता की काट्यानं कोरलेले डोळे, नाकपुड्या, कानाची चीर, सगळं बुजून गेलं होतं.

"हे काय हाय?"

"आपली भुरी, आबा."

"ही बटाटी हायत," आबा म्हणाले आणि गोठ्याकडं निघून गेले.

त्या दिवसापासून मामांची शोधयात्रा सुरू झाली. तोंड बुजवणार नाही इतका पातळ आणि नव्वद मेंढरांना पुरेल इतका स्वस्त प्रायमर. शिरूरच्या हार्डवेअरवाल्यानं विचारलं, "किती फूट पत्रा हाय?" मामांनी करंगळी दाखवली. त्यानं पुढच्या वेळेपासून त्यांना स्टुलावर बसवून चहा द्यायला सुरुवात केली, आजारी माणसाला देतात तसा. पुण्यात खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानात असल्या बाहुल्यांसाठीच बनवलेला परदेशी डबा मिळतो असं कळल्यावर मामा रजा टाकून तिथं गेले. किंमत ऐकली. मग दुकानदाराला म्हणाले, "घेत न्हाई. एक फुसका मारून दावा." त्यानं एसटीच्या तिकिटावर मारला. मामा ते तिकीट वर्षभर खिशात बाळगून होते. थर इतका तलम, की खालचे सगळे आकडे वाचता येत. "माल एक नंबर," ते म्हणत, "पर तेवढ्यात खरं कोकरू मिळंल."

परदेशी मालावर मी व्याख्यान देणारच होते, पण तेवढ्यात मामांनी तिकिटावरून स्वतःची परीक्षापद्धत शोधून काढली. ओल्या मातीच्या गोळीवर अंगठा दाबायचा, गोळी वाळू द्यायची, वर प्रायमर मारायचा. ज्या प्रायमरखालून अंगठ्याच्या रेघा मोजता येतील तो पास. पद्धत नामी होती. अडचण एकच: मामांचा अंगठा उमटत नव्हता. पिंपं भरून भरून बोटांच्या रेघा झिजून पार गुळगुळीत झाल्या होत्या. त्यांनी हे हसत सांगितलं. मी हसले नाही. त्याच बैठकीत मी कंपनीविरुद्ध पानभर पत्रक लिहिलं आणि म्हटलं, "मामा, सही करा." ते म्हणाले, "सही करतो. अंगठा मागू नको, तेवढा कंपनीनं ठिवून घेतलाय." आणि खरोखरच सही केली. नंतर पुष्कळ वाटाघाटी होऊन कामगारांना रबरी हातमोजे मिळाले, पण ती गोष्ट वेगळी.

मग अंगठे आणायचे कुठून? मामा सुट्टीला गावी आले, मातीच्या गोळ्यांची परात घेऊन आळीत फिरले आणि दुपारपर्यंत आठ म्हाताऱ्यांचे अंगठे घेऊन परतले. कशासाठी, ते सांगायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. तासाभरात आबांच्या दारात पन्नास माणसं. कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या हातात काठी. कुरकुंभचा माणूस अंगठे गोळा करतोय म्हणजे जमीन कारखान्याला चालली, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. सगळ्यांच्या पुढं मी; आत्याबरोबर सुट्टीला आले होते. गरिबांच्या अंगठ्यांचा इतिहास मला पाठ होता, त्यापुढं मामांची गोळ्यांची परीक्षा मी साफ विसरले.

"मामा, खरं सांगा, कुणासाठी घेतलेत हे अंगठे?"

"मेंढरासाठी."

"कुनाची मेंढरं?" मागून एकजण ओरडला. "सात वर्सं झाली मेंढरं जाऊन!"

मामांनी वाळलेल्या गोळ्या ओट्यावर मांडल्या आणि चार डबे काढून दोन-दोन गोळ्यांवर एकेक मारला. लाल ऑक्साईडखाली अंगठे दिसेनासे झाले. पांढऱ्यानं पीठ धरलं. काळ्यात काही कळेना. बिननावाचा करडा डबा मात्र पिचकाऱ्या मारायला लागला. तेव्हा अंगठा दिलेली एक आजी पुढं आली. "आरं, गार हाय त्यो म्हून थुकतोय. ऊन पाण्यात ठिव जरा." ठेवला. मग हात लांब धरून, पळता फवारा मारला आणि करड्या थराखाली आजीच्या अंगठ्याची रेघ न् रेघ उभी राहिली. आजी हरखली. "माझा बघा, माझा! जित्ता हाय!" मग पन्नास माणसं गोळ्यांवर वाकली, वाद झाले, कुणाचा अंगठा जास्त बुजला यावर दोन चुलतभाऊ हमरीतुमरीवर आले आणि शेवटी हात वर करून करडा डबा निवडला गेला. सगळ्या डब्यांत तो स्वस्तात दुसरा होता. मी पुष्कळ सभा पाहिल्या आहेत. इतकी सरळ निवडणूक नंतर पाहिली नाही. आबा मात्र सगळा वेळ पाठ करून म्हशीला वैरण टाकत होते.

त्या करड्या डब्यावर मामांनी वर्षभर काम केलं आणि बारा मेंढरं पुरी झाली. आंब्याच्या पेटीत पेंढा घालून, पेटी मांडीवर घेऊन आम्ही वडगावला गेलो. एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला मामा डोळे मिटत. ओसरीवर त्यांनी बारा मेंढरं एका ओळीत मांडली, तोंडं आबांकडं करून, आणि स्वतः खांबाला टेकून उभे राहिले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. आता आबा पुन्हा बटाटी म्हणाले असते, तर मामांनी माती सोडली असती; पेटी बांधतानाच तसं त्यांनी आत्याला सांगितलं होतं.

आबा ओळीपुढं उकिडवे बसले. मग एक मेंढरू उचललं.

"भुरी," ते म्हणाले.

मामा खांब सोडून पुढं सरकले.

"ही काळतोंडी. ही बांडी, हिनं दोनदा जुळी दिली." मग चौथ्यावर बोट थांबलं. "आन् हिचं नाकाड असं नव्हतं. वर व्हतं."

"वरच हाय की, आबा."

"मला शिकवतो? तू तवा साळंत व्हतास. जवा बघावं तवा पुस्तकात डोकं."

"साळंतनं आलो की मीच पाजायचो तिला पानी!"

"पाजायचास, पर बघायचास कवा?"

आठ वर्षांनी बापलेक मेंढराच्या नाकावरून भांडत होते, आणि मामांच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की दाराआडून आत्यानं मला चिमटा काढला. मग आबांनी ती बाराही मेंढरं ओळीतून उचलली आणि पुन्हा मांडायला घेतली. एकमेकींना खेटून, गोल, प्रत्येकीची मान शेजारणीच्या पोटाखाली. बाराही तोंडं आत गेली. बाहेर दिसत होत्या नुसत्या पाठी.

"आबा," मामांचा आवाज चिरकला, "तोंडं दिसंनात की."

"दोपारच्या उनात मेंढरं अशीच उभी ऱ्हात्यात," आबा म्हणाले. "तोंडं हायत आत. मला ठावं हाय." आणि वर न पाहता, "बाकीची कवा आणतोस?"

बाकीची म्हणजे अजून ऐंशीच्या आसपास. मामांचा वेग महिन्याला एक. आबांची पंचाहत्तरी उलटलेली. गणित मला समोर दिसत होतं आणि गणित मांडायची मला लहानपणापासून सवय. मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"आणतो की," मामा म्हणाले.

आबांनी मान हलवली. कोनाड्यातून सुतळीचा गुंडा काढला, दातानं टोक सोडवलं आणि मेंढरं कोंडायची जाळी, ती वाघर, बोटभर उंचीची विणायला घेतली. बारा मेंढरांपुरती झाली तरी त्यांचा हात थांबेना. ते विणत राहिले. पुऱ्या खांडाच्या मापाची.