माझ्या चुगलीला अनुमोदन

आमच्या नॉटिंगहॅमच्या मंडळात अठरा वर्षं एकाच अध्यक्षांची राजवट होती. गणपतीतलं त्यांचं भाषण सुरू होताना रांगणारी मुलं ते संपेस्तोवर युनिव्हर्सिटीत जायची, हे मी शपथेवर सांगतो. एका वर्षी तर बाप्पांनी उंदराला हळूच "गाडी काढ" म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय.

ही राजवट पडली चार मिनिटांत. वार्षिक सभेत अध्यक्ष आयुष्यात पहिल्यांदा भाषण अर्धवट टाकून टॉयलेटला गेले. ते हात वाळवून येईपर्यंत ठराव आला, अनुमोदन मिळालं, हात वर झाले आणि त्यांच्या खुर्चीत एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या.

"सूड नको," नव्या अध्यक्षा म्हणाल्या, "पण ज्यांना ज्यांना मंडळातून हाकललं, त्यांना बोलावून खरं काय ते ऐकू." सत्य-समिती नेमली. प्रमुख कोण? मी! कारण सेक्रेटरी म्हणून सगळी कागदपत्रं माझ्याच लॉफ्टमध्ये. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात, त्या अशा.

चोर म्हणजे अगदी चोर. माझ्या समोरच्या घरात एक सिस्टरबाई राहतात, हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या. त्यांनी सहा वर्षांपूर्वी माझ्या किचनमध्ये अध्यक्षांची अशी नक्कल केली, की फ्रिजमधलं दही हसून फुटलं. दुसऱ्या दिवशी ती बातमी मीच अध्यक्षांच्या कानी घातली. बक्षीस? हॉलच्या दाराशी पार्किंगची जागा. छत्री न उघडता आरतीला! सिस्टरबाईंना मात्र 'मंडळविरोधी कारवायां'साठी हकालपट्टीचं पत्र गेलं. पत्रातलं सुरेख मराठीही माझंच. मग त्यांचे मिस्टर गेले, तेव्हा अध्यक्षांच्या धाकानं मंडळातलं चिटपाखरू फिरकलं नाही. मी समोर राहून पडदे ओढून घेतले.

चुगली कुणाची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, सेक्रेटरी बिचारा हुकमाचा ताबेदार. मी पुण्याला गेलो की माझा कचऱ्याचा बिन त्याच बाहेर काढायच्या. आता लॉफ्टमधल्या कागदांतून सगळं उघडं पडलं तर अशी शेजारीण मी गमावणार होतो.

म्हणून मी सल्ल्याला गेलो भिंतीपलीकडच्या आजींकडे. या आजी चिलीच्या. तिथल्या लष्करी राजवटीत तरुणपणी पळून इंग्लंडला आलेल्या. त्यांचा भाऊ उचलून नेला, तो परत आलाच नाही. पुढे लोकशाही आल्यावर तिकडे नेमलेल्या सत्य-आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली होती.

मी साळसूदपणे विचारलं, "आजी, तुमच्याकडे काही कागद हरवले वगैरे का हो?"

"पुष्कळ. कुठे पाणी शिरलं, कुठे आग लागली. तुझं काय ठरलंय?"

"लॉफ्टमधला बॉयलर गळतोय," मी म्हणालो.

आजी हसल्या नाहीत. "मोठ्या साहेबांची नावं सगळ्यांना कळली. पण आमचं दार कुणी दाखवलं ते शेजाऱ्यानं कधीच सांगितलं नाही. तो अजून मला ख्रिसमसचं कार्ड पाठवतो. मी अजून वाट बघते."

बॉयलर तिथल्या तिथे दुरुस्त झाला.

सुनावणीला हॉल इतका भरला, की लोक एकमेकांच्या मांडीवर आणि मांडीवरचे खिडकीत. मी हकालपट्टीचं ते पत्र वाचलं.

"मसुदा कुणाचा?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"माझा."

"ते होतंच ओळखण्यासारखं. 'खेदपूर्वक' दुसरं कोण लिहितं? पण नकलेचं कुणी सांगितलं?"

"मीच. पार्किंगसाठी."

"पार्किंगसाठी!" माजी अध्यक्ष पहिल्या रांगेतून ओरडले. "मला तर म्हणाला होता, तत्त्वासाठी!"

हॉल हसला. सिस्टरबाई हसल्या नाहीत. "आमचे हे गेले तेव्हा तुमचे पडदे हलताना दिसले होते मला. वाटलं, घाबरलाय बिचारा."

"माफ करा," मी म्हणालो.

"माफीबिफी राहू दे. इतिवृत्तात लिहा, तुमच्याच त्या सुरेख मराठीत. पडद्यांसकट. आणि दर वार्षिक सभेला उभं राहून वाचा. 'वाचले असे गृहीत धरून' चालणार नाही."

आमच्याकडे मागचं इतिवृत्त कायम झाल्याशिवाय चहासुद्धा मिळत नाही. हे इतिवृत्त कधीच मागचं होत नाही. दोन सभा झाल्या, मी उभा राहून माझी चुगली वाचतो. माजी अध्यक्ष "आवाज येत नाही!" म्हणून पडद्यांचं वाक्य पुन्हा वाचायला लावतात. अनुमोदनाला पहिला हात सिस्टरबाईंचा. पार्किंगची जागाही आता त्यांचीच. मी लांबून भिजत येतो.

बिन माझा मीच काढतो. पण गेल्या महिन्यात पुण्याहून परतलो, तर रिकामा बिन फाटकाच्या आत नीट लावलेला.

आजींना विचारलं, "तुम्ही काढलात?"

"या गुडघ्यांनी?" त्या म्हणाल्या.

समोरच्या घरी विचारायची छाती अजून झालेली नाही.