चिमटाबाईंचा पहिला प्रश्न

आमच्या गल्लीत जिन्याखाली फोनदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर ताटकळायचं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे चिमटाबाई म्हणतात, कारण हातातला चिमटा त्या कधी खाली ठेवत नाहीत. केसाएवढ्या तारेला सोल्डरिंगचा डाग देताना त्यांचा हात जरासुद्धा हलत नाही. मी चाळीस वर्षं शिवणकाम करतोय, हात कशाला म्हणतात ते मला कळतं.

त्यांच्याकडे मी गेलो तो लबाडी करायला. माझी मुलगी एकोणीस वर्षांची. दोन विषय राहिले, तेव्हा तिने कॉलेज सोडलं आणि फोनमध्ये तोंड खुपसलं. काही विचारलं तर "हं", जेवायला हाक मारली तर "आले", आणि येईपर्यंत ताट गार. फोनची चार्जिंगची पिन सैल झाली तेव्हा मला बरंच वाटलं.

"बाई, हा कामातून गेला म्हणून सांगा तिला," मी म्हणालो. "पीडा तरी टळेल."

त्यांनी डोळ्यावरचं भिंग वर केलं. "मास्तर, ती फोन हातात घेते कधी?"

"दिवसभर."

"दिवसभर कुणी घेत नाही. सगळ्यात जास्त किती वाजता? तेव्हा घरात काय चाललेलं असतं?"

गिऱ्हाइकाच्या खांद्याचा उतार मी नुसत्या नजरेने सांगतो, आणि पोटच्या पोरीचं एवढं माहीत नव्हतं. राग मात्र आला तो बाईंचाच. पुढे कळलं की हा प्रश्न त्या प्रत्येक आईबापाला विचारतात. कुणाकडे नेमकी त्याच वेळी भांडणं जुंपलेली असतात, कुणाचं पोर घरात एकटं असतं, कुणाला वर्गात सगळे छळत असतात.

"धाकट्या बहिणीचा फोन मी तीनदा काढून घेतला," पिन बदलता बदलता त्या म्हणाल्या. "तिचं काय बिनसलंय ते एकदाही विचारलं नाही. आज पाच वर्षं झाली, ती माझ्याशी बोलत नाही. ती फोन कधी हातात घेते ते आठ दिवस लिहून आणा."

मी मापाच्या वहीत लिहिलं. सकाळी थोडा वेळ. तीन वाजता मी मशीनवर बसलो की फोन हातात, तो थेट सहापर्यंत. आठही दिवस तेच.

बाईंनी वही वाचली. "पूर्वी तीन वाजता ती काय करायची?"

"काही नाही. माझ्या सुईत दोरा ओवून द्यायची. मशीनपाशी बसून बडबड करायची. आता मी चष्मा केलाय."

"कधी केलात?"

निकाल लागला त्याच आठवड्यात. तिला वेळ मिळावा म्हणूनच केला होता, आणि तिला म्हणालो होतो, "आता तुझी गरज नाही, जा, अभ्यास कर." मला स्वतःची लाज वाटली. बाई त्यावर काही बोलल्या नाहीत, आणि तेवढ्यासाठी मी जन्मभर त्यांचं नाव काढीन.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी चष्मा अर्धवट उघड्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि हाक मारली. तिसऱ्या हाकेला ती आली. दोरा ओवला.

"बाबा, चष्मा ड्रॉवरमध्ये दिसतोय."

"असू दे तिथेच. बस जरा."

ती बसली. फोन तिच्या हातातच होता. थोड्या वेळाने तो मांडीवर ठेवून ती म्हणाली, "दुसरी सुई दे."

हे सांगायला मी दुकानात गेलो. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती. चिमटाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"किती हाका माराव्या लागल्या?"

"तीन."

त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि स्वतःचा फोन उचलून बहिणीचा नंबर लावला.