काकडीच्या रोलची उधारी

एका गुरुवारी संध्याकाळी लिफ्टवाल्याने तळघरातल्या पॅनेलवरचे दोन स्विच पाडले आणि काम संपल्यावर एकच वर केला. घोटाळा एवढाच, एका ओळीत मावणारा. पण ही ओळ त्याच्या घशातून बाहेर पडायला पुढे तेवीस दिवस लागले.

दोन का पाडले? तर कुठला स्विच कशाचा हे लिहिलेल्या चिकटपट्ट्या ओलीने कधीच्या गळून गेल्या होत्या. आणि तो ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकला, त्यांचा नियम होता, शंका आली की शेजारचाही पाडायचा. नियम चांगलाच आहे. फक्त उस्ताद जाताना मोजून वर करायचे. हा पठ्ठ्या ब्रेकच्या पट्ट्या बदलून कोपरापर्यंत काळा झालेला, पोटात कावळे ओरडत होते, निघाला तसाच. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला विसरलेला पाना घ्यायला आला, तेव्हा दुसरा स्विच मान खाली घालून बसलेला दिसला. त्याने तो शीळ घालत वर केला, तशी जिन्याखाली कसलीतरी घरघर सुरू झाली.

तो स्विच काकांच्या फ्रीजचा होता.

काका कुणाचेच काका नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. ऑफिसांच्या त्या सहा मजली इमारतीत, तळघरातल्या जिन्याखाली त्यांचं सुशीचं दुकान. दुकान कसलं, एक फळी, आठ स्टुलं, त्यातलं एक लंगडं. बावीस वर्षं मालवाहू बोटींवर खानसामा होते. तिथे एका जपानी आचाऱ्याने त्यांना भात आणि मासा शिकवला. बोटीवरून उतरले, बायकोच्या आजारपणात जवळचं होतं नव्हतं ते गेलं, पाठोपाठ बायको गेली. उरलं ते हातातलं काम आणि तिच्या गुडघ्याची एक्स-रे फिल्म. शिजलेल्या भातावर व्हिनेगर शिंपडून काका त्या फिल्मने वारा घालायचे. "आयुष्यभर म्हणायची, मला कामाला लावू नका," असं म्हणून हसायचेही.

आता लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सुशीचा नाद कसा लागला, हे सांगायला हवं. लहान गावातल्या शाळेत शिकलेला पोरगा. काही देशांत लोक कच्चा मासा खातात हे त्याने भूगोलात वाचलेलं, पेपरात लिहून एक गुणही मिळवलेला. पुढे एका मोठ्या हॉटेलात दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या वेटरला त्याने ट्रॉलीसकट बाहेर काढलं. वेटरने उपकार म्हणून ट्रॉलीवरचीच सुशीची एक प्लेट पुढे केली. पहिला तुकडा त्याने औषधासारखा डोळे मिटून गिळला. दुसरा चावला. तिसऱ्याला प्लेट संपली याचं वाईट वाटलं.

तेव्हापासून शहरात जिथे लिफ्ट बिघडेल तिथे आसपास सुशी मिळते का, हे बघणं सुरू झालं. देखभालीच्या वहीची मागची पानं त्याने यासाठीच राखून ठेवली. मॉलमधलं दुकान: भात खडीसारखा, परत जाऊ नये. स्टेशनजवळचं: मासा बरा, मालक तुसडा. एका ठिकाणी प्लेटा फिरत्या पट्ट्यावरून समोर येत. तिथे याचं लक्ष माशापेक्षा पट्ट्याच्या आवाजाकडे जास्त. शेरा लिहिला: 'बेअरिंग गेलंय.' अशी चौदा ठिकाणं. पंधरावं काकांचं. तिथे शेरा एकच: 'भात बरोबर.'

"कच्चं खातोस आणि वर मार्क देतोस," ताई म्हणायची. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. चष्म्याच्या दुकानात कामाला, घरात हेडमास्तर. "उद्या पोटात मासे पोहायला लागले की माझ्याकडे येऊ नकोस."

"तुझ्याकडे कशाला येऊ? गळ टाकीन."

काकांकडे तो दर गुरुवारी दुपारी जेवायचा. काका त्याला लिफ्टच म्हणायचे. "काय रे लिफ्ट, आज वर की खाली?" हा त्यांचा ठरलेला विनोद, तो दर गुरुवारी तितकाच हसायचा. पण खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे काकांचं नाक. मासा कापण्याआधी प्रत्येक तुकडा ते नाकाला जवळजवळ टेकवायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. मान हलली तर सुरी. नाही हलली तर तुकडा कचऱ्यात, मग तो कितीही महागाचा असो. समोरची माणसं बोलणं थांबवून त्या मानेकडे बघत. मध्यंतरी एकदा काकांनी सगळ्यांना नासलेल्या दुधाचा चहा पाजला होता, तेव्हा विमा कंपनीचे हेडक्लार्क म्हणाले, "काका, माशाचं नाक आणि दुधाचं नाक वेगवेगळं असतं वाटतं!" सगळे हसले. काका सगळ्यात जास्त हसले.

तर त्या शुक्रवारी काका आले तेव्हा फ्रीज चालू होता आणि मासा गार होता. रात्रभर अकरा तास तो बंद होता, हे त्या फ्रीजने सांगितलं नाही. काकांनी तुकडे उचलले, नाकाशी नेले, मान हलवली. दुपारी चौथ्या मजल्यावरचे तेच हेडक्लार्क आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या बाई टूना खाऊन गेले. संध्याकाळपर्यंत दोघंही दवाखान्यात.

दोन दिवसांनी दोघं बरी होऊन घरी गेली. तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, काकांना कुणाशी तरी भांडता आलं असतं. ती फक्त यायची बंद झाली. मग चौथा मजला बंद झाला, मग तिसरा.

पुढच्या गुरुवारी लिफ्टवाला गेला तेव्हा आठही स्टुलं रिकामी होती. काकांच्या हातात साल्मनचा तुकडा होता. त्यांनी तो नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि मान हलेचना. पुन्हा नेला. मग तुकडा हळूच फळीवर ठेवला.

"तू काहीतरी दुसरं खा रे आज."

"काय झालं काका?"

"शुक्रवारी दोन माणसं आजारी पाडली मी. माझं नाक मेलं, लिफ्ट. आणि मला पत्ताच नाही."

वार बसावा तसा तो जागीच थिजला. शुक्रवार, अकरा तास, मान खाली घातलेला स्विच, आपली शीळ, सगळं एका झटक्यात जुळलं. तोंड उघडलंही. पण उघड्या तोंडातून आलं ते, "होतं असं कधीकधी." कंपनीला कळलं तर नोकरी जाणार, हे एक कारण. दुसरं कारण सांगण्यासारखं नाही. तो घाबरला होता.

घरी मात्र ताईने दोन घासांत ओळखलं. "बघ, जेवणावर राग काढू नकोस. काय केलंस ते सांग." ऐकून घेतल्यावर तिने त्याचं ताट पुढ्यातून उचललं. "म्हातारा स्वतःला दोष देत बसलाय आणि तू इथे कोशिंबीर चिवडतोयस? तू जातोस की मी जाऊ?"

"जातो."

"कधी?"

"जातो म्हटलं ना."

यात आणखी दोन आठवडे गेले. दरम्यान दुकानाच्या दारावर पाटी लागली, महिनाअखेर जागा रिकामी होणार. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण मापं घेऊन गेला. मग एका शनिवारी दुपारी लिफ्टवाला तळघरात उतरला. काका खोक्यांत बश्या भरत होते. त्याने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, स्विच, पाना, शीळसुद्धा.

काकांच्या हातातली बशी हातातच राहिली. "किती तास म्हणालास?"

"अकरा."

"म्हणजे रात्रभर गरम झाला आणि सकाळी परत गार पडला?"

"हो. काका, मी कंपनीत पण सांगतो, तुमचं जे काही—"

"अरे गाढवा!" काका ओरडले. शिवी होती, पण तोंडावर उजेड पडला होता. "अरे शहाण्या! गारठ्यात वास दबतो. असला मासा कुणालाच कळला नसता. बोटीवरच्या माझ्या उस्तादालाही नसता कळला! म्हणजे माझं नाक…" त्यांनी बशी खोक्यात न ठेवता परत फळीवर मांडली. मग दुसरी. "बस. बस तिथे. लंगड्यावर नको, त्या बाजूला बस."

"तुम्ही रागवा तरी."

"रागवतो, नंतर. आधी खा. मासा नाहीये, काकडी आहे. काकडीचा रोल करतो तुला, असा की त्या वहीत लिहायला जागा पुरणार नाही."

तांदूळ धुतलेलेच होते, स्वतःपुरते. ते त्यांनी जाड बुडाच्या पातेल्यात चढवले आणि काकडी सोलता सोलता बोलत सुटले. सोमवारी चौथ्या मजल्यावर जायचं, दोघांनी मिळून. तू सांगायचंस, मी नुसता उभा राहीन. जागेच्या मालकाला आजच फोन करतो. कव्हरवाल्याला म्हणावं, दुसरं तळघर बघ. महिन्याभरात एवढं बोललेच नव्हते ते. काकडीचं साल एका लांब फितीसारखं त्यांच्या हातातून उतरत होतं, कुठेही न तुटता. लिफ्टवाला बघत राहिला. त्याला वाटलं, इतकं सोपं होतं तर इतके दिवस मी काय करत होतो?

तेवढ्यात त्याला वास आला.

आधी अगदी पुसट, भाजल्यासारखा. आनंदाच्या भरात काकांनी गॅस बारीक केलाच नव्हता. तो आता बोलणार, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की काका पातेल्याच्या थेट वर उभे आहेत. वाकले तर झाकणाला नाक लागेल इतके जवळ. आणि ते सांगत होते की बोटीवर असताना दोन डेक खालून त्यांना कळायचं, आज कुठलं खोकं उघडलंय.

वास वाढला. कडवट झाला. लिफ्टवाला गप्प बसला. एका मिनिटात कळेल त्यांना, त्याने स्वतःला सांगितलं. मिनिट गेलं. त्याने घड्याळाकडे बघितलं आणि त्याच वेळी काकांनीही बघितलं. तेव्हा त्याला दिसलं की भातासाठी काका घड्याळावर चालतात. नासलेल्या दुधाचा तो चहाही आठवला, आणि सगळे हसले तेही. फ्रीज बंद पडण्याच्या कितीतरी आधीचा तो चहा.

त्याने हात लांब करून गॅस बंद केला.

"का रे? चार मिनिटं आहेत अजून."

"झाला असेल."

"तुला काय कळतं भातातलं…" काका हसत म्हणाले, आणि मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. हसू होतं तिथेच राहिलं, नुसतं रिकामं झालं. त्यांनी झाकण उचललं. धूर वर आला. वरचा भात पांढरा होता. पळी घालून त्यांनी बूड उलथलं, ते काळं होतं.

"केव्हापासून येतोय?"

"काय, काका?"

"वास."

"आत्ता. आत्ताच आला जरा."

"आज एकदा खरं बोललास," काका म्हणाले. "आता मोडू नकोस."

"पाच मिनिटं झाली."

काकांनी मान हलवली. तीच मान, माशासाठी हलायची तशी. मग एक्स-रे फिल्म भिंतीवरून काढली आणि धुराला वारा घालत राहिले, दाराकडे, हळूहळू. गुडघ्याचं पांढरं हाड उजेडात वर-खाली होत होतं.

"सोमवारी मी जातो वर," लिफ्टवाला म्हणाला. "एकटा. सगळं सांगतो. चूक माझीच होती ना. फ्रीज बंदच होता ना."

"काही जायला नको. स्विच तुझा, नाक माझं. कुठल्याने माणसं पडली ते मला सांगता येणार नाही, तुलाही नाही. आणि मला वास येत नसेल, तर मी कुणाला खाऊ घालू नये." त्यांनी सोललेल्या काकडीकडे बघितलं. "एवढी सोलली उगाच. घे, मीठ लावून खा."

त्याने खाल्ली. काही चव लागली नाही, पण संपवली. निघताना काका म्हणाले, "तुझी प्लेट राहिली बघ. उधार धर."

महिनाअखेर कव्हरवाला आला. काका दुसऱ्या शहरात पुतण्याकडे गेले. तिथे त्यांना स्वयंपाकघरात काम पडत नाही, असं पुतण्या अभिमानाने सांगतो. लिफ्टवाल्याने कंपनीत सगळं लिहून दिलं. पगार कापला, नोकरी राहिली. पॅनेलवर त्याने नव्या पट्ट्या चिकटवल्या. फ्रीजच्या स्विचवरही एक चिकटवली, फ्रीज नसताना.

सुशी तो अजून शोधतो. ठिकाणं बावीस झाली. हल्ली खाण्याआधी प्लेट नाकाशी नेतो, तेव्हा शेजारची माणसं बघतात. ताई एकदा बरोबर गेली, तिनेही एक तुकडा खाल्ला आणि "वाईट नाहीये" म्हणाली, हे तिच्याकडून फार झालं.

रविवारी दुपारी काकांचा फोन येतो.

"या आठवड्यात कुठे?"

"नदीपलीकडे एक निघालंय. भात जरा गार होता."

"आणि वास?"

यावर तो थांबतो, नीट आठवतो, मगच सांगतो. व्हिनेगर थोडं जास्त होतं. मासा ताजा होता, कलिंगडाची खालची पांढरी बाजू असते ना, तसा काहीसा वास. कधीकधी फोन कटला की काय असं वाटतं.

"काका?"

"आहे, आहे. ऐकतोय." मग थोड्या वेळाने, "तुझी एक प्लेट माझ्याकडे आहे. लक्षात आहे माझ्या."

"घाई नाही, काका."

"घाई नाहीच," काका म्हणतात आणि फोन ठेवतात.